फोटो बदललाय? मग काय बदललं ते फोटोवरच लिहा

प्रश्न विचारणाऱ्या दादाने सगळं नीट सांगितलंय, ते थोडक्यात असं. गावच्या नाट्यमंडळाचं हे पन्नासावं वर्ष आणि मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर साडेसातशे माणसं. काल्याच्या उत्सवातल्या नाटकानंतर रंगपटात काढलेल्या फोटोत एका मुलाने गेल्या वर्षी वारलेल्या जुन्या नटाला मधोमध उभं केलं, राजाच्या वेषात, आणि फोटो ग्रुपवर टाकला. शंभरेक जणांनी हात जोडले. त्या नटाच्या पत्नीने ग्रुप सोडला. आता समितीने ठरवलंय की एडिट केलेल्या फोटोवर तसं लिहायचं. पण कोणत्या फोटोवर, काय, कुठे, कोणी लिहिलंच नाही तर काय करायचं, आणि कायदा काय म्हणतो, हे कोणाला सांगता येईना.

मी गोव्यात, फोंडा तालुक्यात फोटो स्टुडिओ चालवते. बाबांनी सुरू केलेला, 1999 पासून मी बघते. शिवाय दोन मोठे ग्रुप सांभाळते, एक फोटोग्राफरांचा आणि एक गावचा. म्हणजे फोटो बदलणं हेच माझं रोजचं काम आहे, आणि बदललेल्या फोटोंवरून झालेली भांडणंही माझ्याच फोनवर येतात.

पहिली गोष्ट, ‘एडिटेड’ हा शब्द नियमात घालूच नका. आज एडिट न केलेला फोटो तुम्हाला सापडणार नाही. फोन स्वतःच चेहरा उजळतो, कातडीवरचे डाग पुसतो, पाठीमागचं धूसर करतो. 2023 मध्ये आलेल्या पिक्सेल 8 फोनमध्ये तर पाठोपाठ काढलेल्या ग्रुप फोटोंतून प्रत्येकाचा चांगला चेहरा उचलून एका फोटोत बसवायची सोय आहे. म्हणजे ज्या क्षणी सगळ्यांचे डोळे उघडे होते तो क्षण प्रत्यक्षात आलाच नाही, तरी फोटो आहे. अशा वेळी ‘एडिटेड’ लिहायचं ठरवलं तर ते सगळ्यावरच लिहावं लागेल, आणि सगळ्यावर लिहिलेलं कोणी वाचत नाही.

मग रेषा कुठे ओढायची? माझ्यापुरती मी ती अशी ओढते. फोटोतल्या माणसाला तो फोटो बघून ‘असं झालं नव्हतं’ किंवा ‘मी असा दिसत नाही’ असं प्रामाणिकपणे म्हणता येत असेल, तर लिहायचं. उजेड वाढवला, रंग सुधारला, फोटो तिरका होता तो सरळ केला, कडेला कापला, यात कोणी असं म्हणणार नाही. पण माणूस घातला, माणूस काढला, हसू आणलं, वय उतरवलं, अंगावरचे कपडे बदलले, जागा बदलली, की लिहायलाच हवं. कडेला कापण्याबद्दल एक सांगते. कापल्याने बाजूच्या माणसाचा हात दिसेनासा होऊन प्रसंगाचा अर्थच बदलत असेल, तर तेही लिहायचं. तिथे साधी कात्री एआयचंच काम करते.

हे मला पटलं ते स्टुडिओत आलेल्या एका फोटोमुळे. एक मुलगी आजोबांचा फोटो घेऊन आली. पोर्तुगीज काळातल्या ओळखपत्रावरचा, अंगठ्याच्या नखाएवढा चेहरा, एका कोपऱ्यावर शिक्क्याची शाई चढलेली. तिने तो आधीच फोनवरच्या अ‍ॅपमधून ‘साफ’ करून घेतला होता. आणलेला साफ फोटो बघण्यासारखा होता, पापण्यांचे केस मोजता येतील इतका स्पष्ट. मोठा करून फ्रेम करायची होती, वर्षश्राद्धाला. सोबत आजी होती. आजीने फोटो हातात घेतला, चष्मा वर केला, परत खाली केला आणि विचारलं, “बाय, हो कोण?” म्हणजे, हा कोण?

मी मूळ फोटो स्कॅन करून दोन्ही शेजारी ठेवले तेव्हा कळलं. आजोबांच्या वरच्या ओठावर जुन्या जखमेची खूण होती, ती गेली होती. डावा कान थोडा बाहेर आलेला, तो डोक्याला चिकटला होता. नाकपुड्या लहान झाल्या होत्या. त्या अ‍ॅपने लबाडी केली असं नाही, त्याचं कामच तसं चालतं. एवढ्याशा फोटोत पापण्यांची माहिती नसतेच. मग अ‍ॅपने शिकलेल्या हजारो चेहऱ्यांवरून इथे साधारण काय असेल याचा अंदाज बांधला आणि तो रंगवला. ओठावरची जखम हजारो चेहऱ्यांत नसते, म्हणून अंदाजात ती आली नाही. आजी चाळीस वर्षं जी खूण बघत आली, तीच नेमकी पुसली गेली.

शेवटी मी मूळ फोटोच हळूहळू साफ केला, शाई काढली आणि आठ बाय दहावर थांबले, कारण त्यापुढे चेहरा विरायला लागतो. मागच्या बाजूला लिहून दिलं: ‘मूळ फोटो ओळखपत्रावरचा. शिक्क्याची शाई काढली आहे. चेहऱ्याला हात लावलेला नाही.’ आजीने तो मजकूर नातीकडून दोनदा वाचून घेतला.

तुमच्या समितीला मी जे सांगतेय ते या तीन वाक्यांत आलं. लेबल म्हणजे काय केलं याचा खुलासा. ‘एआय’ किंवा ‘एडिटेड’ एवढ्याने खुलासा होत नाही, त्याने फक्त संशय येतो.

मेटा कंपनीने 2024 मध्ये हाच अनुभव घेतला. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर त्यांनी ‘एआयने बनवलेला’ अशा अर्थाची चिठ्ठी लावायला सुरुवात केली. फोटोच्या फाइलमध्ये सॉफ्टवेअरने सोडलेली खूण दिसली की चिठ्ठी लागायची. फोटोग्राफरांनी ओरड केली, आमच्या ग्रुपवरही हाच विषय कितीतरी दिवस चालला होता. लग्नाच्या फोटोतली भिंतीवरची वायर फोटोशॉपच्या नव्या साधनाने पुसली, तरी अख्खा फोटो एआयने बनवल्याचा शिक्का. आणि अख्खी नवरी एआयने बनवून स्क्रीनशॉट काढून टाकली, तर शिक्का नाही, कारण स्क्रीनशॉटमध्ये ती खूण उरत नाही. जुलै 2024 मध्ये मेटाने चिठ्ठीचे शब्द बदलून ‘एआय माहिती’ असे सौम्य केले. चूक कुठे झाली? हत्यार कोणतं वापरलं यावर त्यांनी चिठ्ठी लावली, फोटोत काय बदललं यावर नाही. नाट्यमंडळाने तीच चूक करू नये.

छोटा बदल किती घात करू शकतो याचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. 28 मे 2023 रोजी दिल्लीत आंदोलन करणाऱ्या कुस्तीगीरांना पोलिसांनी ताब्यात घेतलं. विनेश आणि संगीता फोगाट यांचा पोलिसांच्या गाडीतला सेल्फी आला. मूळ फोटोत चेहरे ताणलेले, थकलेले. काही तासांत त्याच फोटोची दुसरी प्रत फिरू लागली, त्यात सगळे हसत होते. जागा तीच, माणसं तीच, कपडे तेच, फक्त चेहऱ्यांवर हसू आणलेलं. ‘बघा, यांना मजा वाटतेय’ म्हणत लोकांनी तो पुढे ढकलला. म्हणून कोणी म्हणालं की ‘थोडंसंच तर बदललंय’, तर हा फोटो आठवा. किती ठिपके बदलले हे मोजू नका, बघणाऱ्याचं त्या माणसाबद्दलचं मत बदललं का ते बघा.

आता कुठे लिहायचं. फोटोच्या आत, पाठवायच्या आधी. फोटोखालच्या मजकुरात लिहिलेलं पुरत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पुढे पाठवताना खालचा मजकूर वगळता येतो, डाउनलोड केला की तो मागेच राहतो, स्टेटसला लावला की कोणी वाचत नाही. फाइलमध्ये दडवलेल्या खुणेवरही विसंबू नका. अडोबी, बीबीसी, इंटेल, मायक्रोसॉफ्ट वगैरेंनी 2021 मध्ये एकत्र येऊन फोटोसोबत त्याचा इतिहास जोडून ठेवायची सीटूपीए नावाची पद्धत उभी केली. पद्धत चांगली आहे, माझ्या कामात मी ती चालू ठेवते. पण व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो साधा पाठवला की तो आकसतो आणि आतली बरीचशी माहिती गळते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर टिकते, पण जत्रेचे फोटो डॉक्युमेंट म्हणून कोण पाठवतो?

लेबलाची पट्टी कडेच्या पांढऱ्या जागेत घालू नका, ती कापली जाते. फोटोच्या खालच्या भागात, माणसांच्या पायांवर किंवा रंगमंचाच्या फळ्यांवर येईल अशी घाला. काळ्या पट्टीवर पांढरं अक्षर, आणि अक्षराची उंची फोटोच्या उंचीच्या विसाव्या भागापेक्षा कमी नको. हे माप माझं आहे, कायद्याचं नाही. मी ते असं ठरवलं की आईच्या हातात फोन दिला आणि चॅटमधल्या लहान चौकोनातच तिला वाचता येतंय का ते पाहिलं. आपल्याकडे अजून एक लक्षात ठेवावं लागतं. ग्रुपवर रोमी, म्हणजे रोमन लिपीतली, कोंकणी वाचणारे असतात, मुंबई-पुण्याला वाढलेली, देवनागरी अडखळत वाचणारी मुलं असतात. पट्टी दोन्ही लिपींत लिहा. ‘बदल’ हा शब्द मराठीवाल्याला कळतो, कोंकणीवाल्यालाही कळतो.

पट्टी दिसायला हवी म्हणून मी इतकी अडते त्यालाही कारण आहे. 1994 च्या जूनमध्ये अमेरिकेच्या टाइम साप्ताहिकाने ओ. जे. सिम्पसन या खुनाचा आरोप असलेल्या काळ्या खेळाडूचा पोलिसांनी काढलेला फोटो मुखपृष्ठावर छापला, पण चेहरा मुद्दाम जास्त काळा करून. त्याच आठवड्यात न्यूजवीकने तोच फोटो न बदलता छापला, म्हणून दोन्ही अंक स्टॉलवर शेजारी आले आणि फरक जगाला दिसला. टाइमने खुलासा केलेला होता, ‘फोटो-इलस्ट्रेशन’ असा, आतल्या पानावर, बारीक अक्षरात. त्या खुलाशाने त्यांना काडीचीही मदत झाली नाही.

शब्द कसे असावेत? साधं मराठी क्रियापद घ्या. ‘मागची दोन माणसं काढली आहेत.’ ‘दोन वेगळे फोटो जोडले आहेत.’ ‘कपडे संगणकाने घातले आहेत.’ ‘हा प्रसंग घडलेला नाही.’ शक्य तेव्हा मूळ फोटो त्याच संदेशात लगेच खाली जोडा. मूळ फोटो शेजारी असला की निम्मे प्रश्न विचारलेच जात नाहीत.

वधू-वरांच्या ग्रुपबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तिथे लेबलाचा काही उपयोग होत नाही असं माझं ठाम मत आहे. मुलीला गोरी करून द्या, हे वाक्य मी या दुकानात शेकड्याने ऐकलंय. फ्रान्सने 2017 पासून आणि नॉर्वेने 2022 पासून जाहिरातींतल्या शरीर बदललेल्या फोटोंवर तसं छापणं बंधनकारक केलं. पण अशा चिठ्ठ्यांनी बघणाऱ्या मुलींना स्वतःबद्दल बरं वाटतं का, याचे जे अभ्यास झाले त्यांतल्या बहुतेकांत फारसा फरक दिसला नाही. चिठ्ठी वाचूनही डोळा फोटोशीच तुलना करतो. म्हणून स्थळाच्या फोटोला मी रंग उजळूनच देत नाही. मुलीला खिडकीजवळ बसवते, चांगला उजेड देते, आणि ती आहे तशी सुंदर दिसेपर्यंत फोटो काढत राहते. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे.

आणि काही फोटोंना लेबल लावून उपयोग नसतो, ते काढायचेच असतात. दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराच्या पुतळ्याच्या फोटोत त्याच्या तोंडावर गावातल्या एखाद्या जिवंत माणसाचा चेहरा बसवून फिरवायचा, त्यावर ‘गंमत, एआय’ लिहायचं, हे मी पाहिलंय. लिहिल्याने त्या माणसाची बेअब्रू कमी होत नाही. ग्रुपमधल्याच कोणाच्या चेहऱ्याचे स्टिकर बनवतात, तेही तसंच, स्टिकरवर पट्टी बसतच नाही. इथे विचारायचं एकच, त्या माणसाची परवानगी होती का.

बाईचा, मुलीचा अश्लील केलेला फोटो आला तर तिथे चर्चा नको. लगेच काढा, टाकणाऱ्याला बाहेर करा, पण त्याआधी कोणी, कधी, कोणत्या नंबरवरून टाकला ते लिहून ठेवा. अशी सामग्री पसरवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67 आणि 67 अ खाली गुन्हा आहे. अल्पवयीन मुलाचा किंवा मुलीचा असेल तर पुरावा म्हणूनसुद्धा तो दुसऱ्याला पुढे पाठवू नका. पोलिसांकडे जा. गोव्याचं सायबर क्राइम पोलीस ठाणं रायबंदरला आहे, 1930 हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे, सरकारी सायबर क्राइम पोर्टलवर महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे. स्टॉप एनसीआयआय नावाची मोफत सेवाही आहे. तिथे प्रौढ व्यक्तीला आपला फोटो कोणाला पाठवावा लागत नाही. फोनवरच त्या फोटोचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि त्या ठशावरून फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या कंपन्या तो फोटो अडवतात. ज्या मुलीवर अशी वेळ येते तिला ‘आता आणखी कोणाला दाखवावा लागेल’ याचीच जास्त भीती असते, म्हणून हे माहीत असू द्या.

कायद्याचं विचारलंत म्हणून सांगते. केंद्राने ऑक्टोबर 2025 मध्ये मसुदा काढला, त्यात कृत्रिमरीत्या बनवलेल्या चित्राच्या किमान 10 टक्के भागावर लेबल असावं असं होतं. फेब्रुवारी 2026 मध्ये अंतिम नियम आले तेव्हा ही टक्केवारी गाळली, पण लेबल ठळक दिसायला हवं हे ठेवलं. रंगसुधारणा, आवाज साफ करणं, फाइल लहान करणं अशा प्रामाणिक, नेहमीच्या दुरुस्त्या त्यातून वगळल्या, जोवर मूळ आशय बदलत नाही. ही जबाबदारी मुख्यतः कंपन्यांवर आहे. ग्रुप अ‍ॅडमिनच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटलंय की सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू किंवा आधीचा कट नसेल तर, अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही. गोवा त्याच उच्च न्यायालयाखाली येतो. पण यामुळे हात झटकू नका. न्यायालयात सुटलात तरी त्या घरासमोरून रोज जायचं आहे.

कोणी लेबल न लावता टाकला तर ग्रुपवर जाहीर बोलू नका. खाजगीत विचारा, “मूळ फोटो आहे का?” नव्वद टक्के वेळा पोरगं लगेच पाठवतं, त्याच्या मनात काही नसतं. एआयचे फोटो ओळखणाऱ्या अ‍ॅपवर टाकून ‘हा 87 टक्के एआय’ असं जाहीर करणं मी आमच्या ग्रुपवर बंद केलंय. एकदा एका मुलीच्या नाटकातल्या फोटोवर असाच आरोप झाला. फोटो खरा होता, फक्त तोंडावर जाड रंग होता आणि वरून पिवळा प्रकाश. ती दोन दिवस घराबाहेर पडली नाही. आणि हेही बघा, की काही फोटोंवर पट्टी दिसू लागली की बिनपट्टीचे सगळे खरे वाटायला लागतात. बातम्यांच्या मथळ्यांवर केलेल्या अभ्यासात हा परिणाम दिसून आलाय. म्हणून ग्रुपच्या वर्णनात एक ओळ ठेवा: ‘पट्टी नाही म्हणजे फोटो तपासलेला आहे असं नाही.’

आता तुमचा तो फोटो. मुलाला रागावू नका. त्याने प्रेमानेच केलं असणार, राजाचा वेष निवडला यावरूनच कळतं. पण त्याने एक गोष्ट विचारली नाही, आणि शंभर हात जोडणाऱ्यांपैकीही कोणी विचारली नाही. नवऱ्याला न घातलेल्या वेषात, न झालेल्या रात्री, हसताना बघून त्या बाईला काय वाटेल? घरात वर्ष पुरं झालेलं नसताना अचानक फोनवर तो उभा. कदाचित हसूही त्यांचं नसेल, अ‍ॅपने दिलेलं असेल.

आधी फोटो ग्रुपवरून काढा. जुना झाला असेल तर ‘सर्वांसाठी डिलीट’ टाकणाऱ्याला करता येत नाही, पण अ‍ॅडमिनलाही ती सोय असते, दोघांनी बघा. ज्यांनी स्टेटसला ठेवलाय त्यांना एकेकाला फोन करा. मग त्या मुलाला आणि मंडळातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईला घेऊन त्या नटाच्या घरी, त्याच्या पत्नीकडे जा, फोन खिशात ठेवून. माफी आधी. नंतर, त्यांनी बोलायला सुरुवात केली तर, विचारा की त्यांच्याकडे नवऱ्याचा खरा नाटकातला एखादा फोटो आहे का. प्रत्येक नटाच्या घरी ट्रंकेत असतोच एखादा. त्यांनी दिला आणि हो म्हटलं, तर तो माझ्याकडे पाठवा. मी साफ करून देईन, चेहऱ्याला हात न लावता, आणि सुवर्णमहोत्सवाच्या फोटोशेजारी वेगळ्या चौकटीत लावता येईल असा, खाली त्या नटाचं नाव, नाटकाचं नाव आणि साल. नाही म्हणाल्या, तर विषय तिथेच सोडा.